मराठीच्या आधाराने पोलिश: पहिल्या उच्चारापासून परीक्षेपर्यंत

पोलिश शिकू पाहणारा मराठी माणूस बहुतेक वेळा इंग्रजीतून सुरुवात करतो. ॲप इंग्रजी, पुस्तक इंग्रजी, समजावून सांगणाराही इंग्रजीतून बोलणारा. मग पहिल्याच महिन्यात सात विभक्ती, तीन लिंगं आणि क्रियापदांच्या जोड्या समोर येतात, आणि ‘फार अवघड भाषा आहे’ म्हणून वही मिटते. माझं ठाम मत असं आहे, की यातला बराचसा अवघडपणा इंग्रजीच्या वाटेने गेल्यामुळे वाट्याला येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला पोलिशसाठी साधारण १,१०० तासिका लागतील असं धरते, आणि हिंदीला त्याच गटात बसवते. म्हणजे ही मोजणी त्यांच्या सोयीची आहे, आपल्या नाही.

पोलंडला शिकायला किंवा नोकरीला निघालेले, लंडन, डब्लिन किंवा शिकागोत पोलिश शेजाऱ्यांमध्ये राहणारे आणि पोलिश घराशी नातं जोडलेले, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. पोलिश शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यासाठी थोड्या खुणा लक्षात ठेवा. ‘चाक’मधला च हा च़ असा लिहिला आहे, ‘चार’मधला साधा च. ज़ म्हणजे इंग्रजी झेडचा आवाज, तर झ म्हणजे ‘प्लेझर’मधला आवाज. व्ह हा ‘व्हिटॅमिन’मधला, आणि व म्हणजे ओठांचा चंबू करून काढलेला.

पायरी १: आधी कान आणि जीभ

पहिले दोन-तीन आठवडे व्याकरणाला हात लावू नका. फक्त ऐका आणि मागोमाग म्हणा. पोलिश रेडिओवरच्या बातम्या यासाठी उत्तम, कारण निवेदक स्पष्ट बोलतात. अर्थ कळला नाही तरी चालेल.

सगळ्यात आधी ट आणि ड सोडा. इंग्रजी ‘टी’ दिसला की आपली जीभ आपोआप टाळूकडे वळते. पोलिश त आणि द मात्र आपल्या त-द सारखेच, दाताला जीभ लावून म्हणायचे असतात. महाप्राण व्यंजनं नाहीत, म्हणजे क, प, त मागे श्वास सोडायचा नाही. इंग्रज विद्यार्थ्याला हे दोन्ही मुद्दाम शिकावं लागतं. आपल्याला ते जन्मापासून येतं.

आता च. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन वेगळे च मराठी माणूस विचार न करता उच्चारतो. पोलिशमध्ये ‘सी’ हे अक्षर एकटं आलं की ‘चाक’मधला च. ‘च़ो’ म्हणजे काय, ‘नोच़’ म्हणजे रात्र, ‘प्राच़ा’ म्हणजे काम. हिंदीभाषकाला हा आवाज कमवावा लागतो. ‘चार’मधल्या च चे मात्र पोलिशमध्ये दोन प्रकार आहेत, एक जाड आणि एक मऊ. हीच गोष्ट श ची. शाळेत आपल्याला श आणि ष वेगळे शिकवले, पण बोलताना बहुतेकांनी ते एक करून टाकले. पोलिशसाठी ते पुन्हा वेगळे करायला हवेत. ष म्हणताना जीभ मागे घ्या. श म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूजवळ न्या, जणू पुढे ई येणार आहे. सरावासाठी तीन शब्द घ्या: कासा, काश्या, काषा. पहिला म्हणजे दुकानात पैसे भरायची जागा, दुसरं काताझिना या नावाचं लाडकं रूप, तिसरा म्हणजे भरडलेलं किंवा सडलेलं धान्य. हे तिन्ही वेगळे ऐकू येऊ लागले की कान तयार झाला असं समजा.

नाकातले स्वर दोन: ओं आणि एं. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्ची घालतात. आपल्याकडे अनुस्वार आहे, आणि तो पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो: ‘आंबा’त म, ‘अंत’मध्ये न, ‘अंक’मध्ये ङ. पोलिशमध्ये जवळपास हेच घडतं. ‘ज़ोंप’ म्हणजे दात, तिथे म ऐकू येतो. ‘रेंका’ म्हणजे हात, तिथे ङ. शब्दाच्या शेवटी आलेला एं बोलण्यात बहुधा नुसता ए होतो.

आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. स्वरांत ऱ्हस्व-दीर्घ नाही, आणि मराठी अ तर नाहीच. ‘ए’ हे अक्षर दिसलं की आ म्हणा, प्रत्येक वेळी.

पायरी २: लिपी

पोलिश वर्णमालेत ३२ अक्षरं आहेत. त्यांपैकी नऊ अक्षरांवर किंवा अक्षरांखाली खुणा असतात: शेपटी, टिंब किंवा तिरपी रेघ. त्यांतलं सगळ्यांत फसवं अक्षर म्हणजे दांडीवर तिरपी रेघ मारलेला ‘एल’. तो ल नाही, गोल ओठांचा व आहे. आणि ‘डब्ल्यू’ हा व्ह आहे. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांत शहरांची नावं भलतीच छापली जातात. ज्याला ‘व्रोक्लॉ’ लिहितात ते व्ह्रोच़्वाफ, ज्याला ‘लॉड्झ’ लिहितात ते वुच. शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन (ब, द, ग, व्ह) अघोष (प, त, क, फ) होतं, म्हणून क्राकुफच्या शेवटी फ ऐकू येतो.

एकदा नियम कळले की समोरचा शब्द अचूक वाचता येतो. उलट दिशा अवघड आहे. उ लिहायच्या दोन पद्धती आहेत, ह च्या दोन, झ च्या दोन, आणि कुठे कोणती ते पाठच करावं लागतं. पोलिश मुलं शाळेत यासाठी शुद्धलेखन घोटतात, जसं आपण ‘की’ आणि ‘कि’ घोटलं.

फोनवर पोलिश कळफलक आजच टाका. खुणा गाळून लिहायची सवय लागली की ती सुटत नाही. संगणकावर उजवीकडची ऑल्ट कळ दाबून मूळ अक्षर दाबलं की खुणेचं अक्षर येतं. ‘झेड’ची दोन अक्षरं आहेत, त्यामुळे टिंबवालं ‘झेड’वर आणि तिरप्या रेघेचं ‘एक्स’वर ठेवलं आहे.

पायरी ३: माणसाशी कसं बोलायचं

‘जेन्य दोब्रि’ हा दिवसाचा नमस्कार. दुकानात शिरताना, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे बाहेर बसलेल्या अनोळखी लोकांनाही तो म्हणायचा असतो. न म्हणता आत जाणं असभ्य समजतात. ‘प्रोषे’ म्हणजे कृपया, ‘प्षेप्राषाम’ म्हणजे माफ करा, ‘जेंकुये’ म्हणजे आभारी आहे.

‘जेंकुये’बद्दल एक सावधगिरी. कोणी चहा विचारला आणि तुम्ही नुसतं ‘जेंकुये’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो. हवा असेल तर ‘ताक, प्रोषे’ म्हणा. उपाहारगृहात नोट देताना ‘जेंकुये’ म्हणालात, तर सुटे पैसे ठेवून घ्या असं तुम्ही सांगितलंत.

अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘ति’ म्हणजे तू म्हणायचं नाही. पुरुषाला ‘पान’, स्त्रीला ‘पानि’, आणि क्रियापद तृतीय पुरुषात. ‘चि पान मुव्हि पो पोल्स्कु?’ म्हणजे साहेब पोलिश बोलतात का? इंग्रजीत विचार करणारा इथे अडतो. आपण मात्र ‘साहेब चहा घेणार का?’ असं समोरच्यालाच विचारतो, त्यामुळे ही रचना आपल्या तोंडात बसलेली आहे. ‘पान’वरून ‘ति’वर यायचं ते वयाने किंवा मानाने मोठ्या व्यक्तीने सुचवल्यावर. स्त्री-पुरुषांत बहुधा स्त्रीने सुचवायचं असतं. आपण होऊन उतरायचं नाही.

आणखी एक. मराठीत ‘कुलकर्णी साहेब’ म्हणणं आदराचं आहे. पोलिशमध्ये ‘पान’पुढे आडनाव लावून हाक मारली तर दटावल्यासारखं वाटतं. पहिलं नाव किंवा हुद्दा लावा, तोही संबोधन विभक्तीत: ‘पान्ये मार्कु’, ‘पान्ये दोक्तोझे’. राम-रामा, मुलं-मुलांनो करणाऱ्यांना संबोधन वेगळं समजावून सांगायला नको.

पायरी ४: विभक्ती, आणि इथे घाई करू नका

शाळेत पाठ केलेला विभक्तींचा तक्ता आठवा. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत: प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी आणि संबोधन. पंचमीचं काम शब्दयोगी अव्यय आणि षष्ठी मिळून करतात. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर मराठी नावांनीच लिहा.

मराठीत नामाला आधी सामान्यरूप मिळतं आणि मग प्रत्यय लागतो: पुणे, पुण्याला, पुण्यात, पुण्याहून. पोलिश हेच करते, फक्त प्रत्ययाआधी छोटं अव्यय ठेवते: क्राकुफ, दो क्राकोव्हा, फ् क्राकोव्ह्ये, स् क्राकोव्हा. म्हणजे क्राकुफला, क्राकुफमध्ये, क्राकुफहून. ‘पुणेला’ ऐकून आपल्या कानाला जसं टोचतं, तसं ‘दो क्राकुफ’ ऐकून त्यांच्या कानाला टोचतं. फरक एवढाच की मराठीत एका नामाचं एकच सामान्यरूप असतं, तिकडे प्रत्येक विभक्तीला वेगळा शेवट.

इंग्रजी पुस्तकं सजीव-निर्जीव भेद हा मोठा विचित्र नियम म्हणून मांडतात. ‘व्हिद्ज़े दोम’ म्हणजे मला घर दिसतं, इथे दोम तसंच राहिलं. ‘व्हिद्ज़े प्सा’ म्हणजे मला कुत्रा दिसतो, इथे ‘प्येस’चा ‘प्सा’ झाला. आपण ‘मी घर पाहिलं’ म्हणतो, पण ‘मी कुत्र्याला पाहिलं’. सजीव कर्माला रूप बदलून प्रत्यय लावायचा आणि निर्जीवाला तसंच सोडायचं, ही जाण आपल्याकडे आहेच. पोलिशमध्ये एकवचनात हा भेद फक्त पुल्लिंगी नामांना लागतो. आ ने संपणारी स्त्रीलिंगी नामं द्वितीयेत एं घेतात.

लिंगं तीन, आपल्यासारखीच, आणि ओळखायला मराठीपेक्षा सोपी. शेवटी व्यंजन असेल तर बहुधा पुल्लिंग, आ असेल तर स्त्रीलिंग, ओ किंवा ए असेल तर नपुंसक. मराठीत ‘भिंत’ स्त्रीलिंगी का आणि ‘दगड’ पुल्लिंगी का, हे परक्याला सांगता येत नाही. पोलिशमध्ये बहुतेक वेळा शब्दाचा शेवटच सांगतो.

तक्ते पाठ करू नका, वाक्यं पाठ करा. माझं आवडतं वाक्य हे: ‘पोप्रोषे हेर्बाते स् च़ित्रिनों, बेस् च़ुक्रु’. लिंबू घातलेला, बिनसाखरेचा चहा द्या. चहा द्वितीयेत, लिंबू तृतीयेत, साखर षष्ठीत. तीन विभक्ती एका ऑर्डरमध्ये, आणि पोलंडमध्ये चहा खरोखर लिंबू घालूनच घेतात. दुसरं वाक्य: ‘येस्तेम इन्झिन्येरेम’, मी इंजिनियर आहे. व्यवसाय सांगताना नाम तृतीयेत जातं. हे मराठीत नाही, म्हणून मुद्दाम घोटा. अशी वीसेक वाक्यं तोंडात बसली की तक्ता उघडल्यावर तो ओळखीचा निघतो.

नावांनाही विभक्ती लागते, तुमच्यासुद्धा. ‘अनिल’चं ‘अनिला’ होईल, ‘सुनीता’चं ‘सुनीति’. दचकू नका, तुम्ही त्यांच्या भाषेत सामावल्याची ती खूण आहे. एक व्यवहारी सूचना मात्र ऐका. पोलिश स्त्रियांची नावं जवळजवळ सगळी आकारान्त असतात. त्यामुळे रोमन लिपीत ‘ए’ने संपणारं आदित्य हे नाव स्त्रीचं आणि पूनम पुरुषाचं समजलं जाणं सहज शक्य आहे. फॉर्मवर लिंगाचा रकाना नीट तपासा.

पायरी ५: अंक, पैसे, वेळ

एकाला एकवचन. दोन, तीन, चार यांना साधं अनेकवचन. पाचपासून पुढे नाम षष्ठीच्या अनेकवचनात. चलनावरच शिका: येदेन ज़्वोति, द्वा ज़्वोते, प्येंच ज़्वोतिह. बारा ते चौदा पाचच्या गटात जातात, बावीस ते चोवीस पुन्हा दोनच्या गटात येतात, आणि एकवीस मात्र पाचच्या गटात. बाजारात हे रोज कानावर पडतं, त्यामुळे वेगळा अभ्यास फारसा लागत नाही.

वेळेत एक फसगत आहे. ‘फ्पुव दो उस्मेय’ म्हणजे आठकडे जाताना अर्धा तास, अर्थात साडेसात. ‘उस्मेय’ ऐकून साडेआठला पोचू नका.

पायरी ६: क्रियापदांच्या जोड्या

भूतकाळात बोलणाऱ्याचं लिंग दिसतं. पुरुष म्हणतो ‘बिवेम’, स्त्री म्हणते ‘बिवाम’. मी होतो, मी होते. यापुढे काही सांगायलाच नको. मिश्र घोळक्यापाशी मात्र वाट वेगळी होते. मराठीत नवरा-बायको ‘दोघं आली’, म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. पोलिशमध्ये घोळक्यात एक जरी पुरुष असला तरी पुरुषी रूप लागतं, आणि फक्त बायका, मुलं, प्राणी किंवा वस्तू असतील तर दुसरं.

जवळपास प्रत्येक क्रियेला दोन क्रियापदं असतात: चालू किंवा पुनःपुन्हा होणाऱ्या क्रियेसाठी एक, पुरी झालेल्या क्रियेसाठी दुसरं. ‘पिसावेम लिस्त’, मी पत्र लिहीत होतो. ‘नापिसावेम लिस्त’, मी पत्र लिहून काढलं. लिहिणं आणि लिहून काढणं, वाचणं आणि वाचून टाकणं यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो. नवं क्रियापद वहीत उतरवताना जोडीनेच उतरवा, एकटं कधीच नको. पुऱ्या क्रियेच्या क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो. त्याचं वर्तमानासारखं दिसणारं रूप भविष्याचा अर्थ देतं.

शब्द साठवताना जुनी नाती कामी येतात. धूराला ‘दिम’ म्हणतात, तो आपला धूम. अग्नी ‘ओग्येन्य’, मांस ‘म्येंसो’, नभ ‘न्येबो’, शंभर ‘स्तो’, म्हणजे शत. या दोन्ही भाषा एकाच प्राचीन कुळातल्या. पण दिसायला सारखा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो, म्हणून अंदाजाने अर्थ लावू नका.

पायरी ७: सराव कुठे करायचा, तर परदेशातल्या पोलंडमध्ये

पोलंडला न जाता पोलिश ऐकायची, बोलायची संधी जगभर विखुरलेली आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी हा देश वाटून घेतला. १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, नकाशावर पोलंड नव्हता. आज जे राष्ट्रगीत आहे ते १७९७ मध्ये इटलीत, परक्या भूमीवर जमलेल्या पोलिश सैन्यासाठी लिहिलं गेलं. १९०१ मध्ये प्रशियाच्या ताब्यातल्या व्ह्झेश्न्या गावात शाळेतल्या मुलांनी धर्माच्या तासाला जर्मनमधून उत्तरं द्यायला नकार दिला आणि छड्या खाल्ल्या. परदेशातला पोलिश माणूस मुलांच्या भाषेबद्दल इतका हळवा का, हे इथे समजतं.

दुसऱ्या महायुद्धाने ही विखुरण आणखी वाढवली. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. १९४१ नंतर सुटलेले काही लोक इराणमार्गे भारतात आले. गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला. आणि कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची, मुख्यतः बायका-मुलांची, वसाहत होती. तिथे पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउट पथकं आणि नाटकं होती. पुढे ती जागा फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची झाली, तेच आजचं गांधीनगर. वळिवड्याहून निघालेली बरीच कुटुंबं इंग्लंडात स्थिरावली. पोलिश शिकणाऱ्या मराठी माणसाने वळिवड्याबद्दल दोन-चार वाक्यं पोलिशमध्ये तयार ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. पोलिश माणसाशी ओळख करून घ्यायला याहून खरा विषय आपल्याकडे नाही.

पोलिशकडून मराठीकडे आलेलाही एक जण होता. वॉर्सात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगात भाग घेतला आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणली.

आता प्रत्यक्ष कृती. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटन, आयर्लंड, स्वीडन या देशांनी पोलिश कामगारांना लगेच दारं उघडली. २०११ आणि २०२१ या दोन्ही जनगणनांत इंग्लंड-वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल मुख्य भाषा पोलिश होती. २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांनी ती नोंदवली. त्यामुळे तिथल्या जवळपास प्रत्येक शहरात ‘पोल्स्की स्क्लेप’, म्हणजे पोलिश दुकान, सापडतं. पहिला सराव तिथे करा. नमस्कार, एक वस्तू, किंमत, आभार, निरोप. पुढच्या वेळी एक वाक्य जास्त. दुकानातल्या सूचनाफलकावरच्या चिठ्ठ्या वाचा: ‘षुकाम प्राच़ि’ म्हणजे काम शोधतोय किंवा शोधतेय, ‘पोकुय दो व्हिनायेंचा’ म्हणजे खोली भाड्याने देणे आहे. वाक्यं छोटी, शब्द खरे, आणि दोन्हींत षष्ठी.

दुसरं ठिकाण म्हणजे शनिवारच्या शाळा. ब्रिटनमध्ये युद्धोत्तर निर्वासितांनी १९५३ मध्ये त्यासाठी संस्था उभी केली, ती आजही शाळांना आधार देते. आठवडाभर इंग्रजी शाळा आणि शनिवारी सकाळी पोलिश भाषा, इतिहास, भूगोल. काही शाळांत मोठ्यांचेही वर्ग असतात, आणि सणांच्या कार्यक्रमांना हातभार लावणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत मुलं पाठवणाऱ्या पालकांनी तर एकदा या शाळा बघाव्याच. मुलं घरी इंग्रजीत उत्तर देतात ही तक्रार दोन्हीकडे एकच आहे. पोलिश पालक त्यावर आजी-आजोबांशी ठरलेला फोन, सुट्टीत पोलंडला महिनाभर मुक्काम आणि स्काउट शिबिरं हे उपाय वापरतात.

लंडनला हॅमरस्मिथमधलं पोलिश सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे ग्रंथालय आणि नाट्यगृह आहे. शिकागोत पोलिश संग्रहालय आहे आणि ३ मेच्या सुमारास, १७९१ च्या संविधानाच्या स्मरणार्थ, मोठी मिरवणूक निघते. भारतात दिल्ली विद्यापीठात पोलिश शिकवतात.

स्थलांतरितांच्या बोलीबद्दल सावध राहा. शिकागोतले जुने पोलिश लोक मोटारीला ‘कारा’ म्हणतात, पण प्रमाण पोलिशमध्ये त्याचा अर्थ शिक्षा. असे मिसळलेले शब्द ऐका, समजून घ्या, पण परीक्षेच्या वहीत उतरवू नका.

पायरी ८: ताटावर आणि घरी

शाकाहाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. ‘प्येरोगि रुस्क्ये’ म्हणजे बटाटा आणि ‘त्फारुक’ या पांढऱ्या चीजचं सारण भरून उकडलेल्या करंज्या. सारण शाकाहारी असतं, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात. म्हणून ‘बेस् स्क्फारेक’, त्या तुकड्यांशिवाय, असं आधीच सांगा. ‘बेज़ म्येंसा’ म्हणजे मांसाशिवाय. सूप भाज्यांचं दिसलं तरी बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, विचारून घ्या. ब्रेडसोबत आधी येणारी पांढरी लोण्यासारखी वाटी बहुधा चरबीची असते. स्वस्त आणि घरगुती जेवायचं तर ‘बार म्लेच्नि’, जुन्या धाटणीची दूध-पिठाच्या पदार्थांची खाणावळ. ‘माश्लान्का’ हे ताक, आणि ते कुठल्याही दुकानात मिळतं.

वर्षातली सगळ्यांत महत्त्वाची संध्याकाळ २४ डिसेंबरची, ‘व्हिगिल्या’. आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. टेबलक्लॉथखाली थोडं गवत असतं, बारा पदार्थ असतात आणि एक ताट न आलेल्या पाहुण्यासाठी मांडलेलं असतं. परंपरेने या जेवणात मांस नसतं. मासे वगळले तर शाकाहाऱ्याला बीटचं सूप, मशरूम भरलेल्या छोट्या करंज्या, कोबी, सुक्या फळांचं सरबत असं भरपूर मिळतं. जेवणाआधी ‘ओप्वातेक’ नावाची पातळ पापडी प्रत्येकाच्या हातात देतात. प्रत्येकाने प्रत्येकाच्या पापडीचा तुकडा मोडायचा आणि शुभेच्छा द्यायच्या. तुम्हालाही बोलावं लागेल, तेव्हा हे वाक्य तयार ठेवा: ‘झिचे चि ज़्द्रोव्ह्या’, तुला आरोग्य लाभो. व्यक्ती चतुर्थीत, आरोग्य षष्ठीत. वडीलधाऱ्यांना ‘चि’ म्हणू नका, पुरुषाला ‘पानु’ आणि स्त्रीला ‘पानि’ म्हणा.

कोणाच्या घरी गेलात तर चपला-बूट काढा, सपाता देतील. उंबरठ्यावरून हात मिळवू नका, आत जाऊन मिळवा. फुलं विषम संख्येत न्या, आणि शेवंती नको, कारण ती थडग्यांवर वाहतात. १ नोव्हेंबरला सगळा देश दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातो. त्या दिवशी भेटीगाठी किंवा कामं ठरवू नका.

पायरी ९: कागदपत्रं, परीक्षा, पत्र

पोलंडमध्ये राहायला गेल्यावर ‘पेसेल’ हा अकरा आकडी क्रमांक सगळीकडे विचारतात. पहिले सहा आकडे जन्मतारखेवरून येतात. क्रमांक पोलिशमध्ये म्हणायला शिका, फोनवर लागतोच. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, वाणसामान शनिवारी भरा.

भाषेची सरकारी प्रमाणपत्र परीक्षा आहे. नागरिकत्वाची मान्यता मागताना आणि युरोपीय संघाच्या दीर्घकालीन निवास परवान्यासाठी बी-१ पातळीचा, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरच्या मध्यम पातळीचा, पुरावा लागतो. तो या परीक्षेतून देता येतो, किंवा पोलिश माध्यमातल्या शिक्षणातून. ऐकणं, वाचणं, व्याकरण, लिहिणं आणि बोलणं असे भाग असतात. परीक्षा वर्षातून मोजक्या वेळा होते आणि जागा लवकर भरतात, म्हणून तयारी पूर्ण होण्याची वाट न पाहता तारखांवर लक्ष ठेवा. पोलंडमध्ये बसून शिकायचं असेल तर वुच विद्यापीठाचं केंद्र १९५२ पासून आणि वॉर्सा विद्यापीठाचं ‘पोलोनिकुम’ १९५६ पासून परदेशी लोकांना पोलिश शिकवत आहे.

परीक्षेत आणि व्यवहारात दोन्हीकडे पत्र लिहावं लागतं. सुरुवात ‘षानोव्हना पानि’ किंवा ‘षानोव्हनि पान्ये’ अशी करा, नाव न घालता. मजकुरात समोरच्याचा उल्लेख करणारी ‘पान’, ‘पानि’ ही रूपं मोठ्या अक्षराने लिहा. शेवट औपचारिक असेल तर ‘स् पोव्हाझान्येम’. एकदोन पत्रांनंतर समोरून ‘पोज़्द्राव्ह्याम’ आलं, तर तुम्हीही पुढच्या पत्रात तेच लिहू शकता.